पान एक, एकूण दोन

“हळू बोला, पोर जागी आहे.”

मावशीचा आवाज. दाराच्या फटीतून आलेला, कुजबुजणाऱ्यांना कुजबुजतच दटावणारा. तेहतीस वर्षं झाली त्याला. ज्या घरात तो उमटला ते घर आता नाही, मावशी नाही, जिच्या उशाशी बसून तो उमटला ती तर नाहीच नाही. पण ते पाच शब्द आहेत, कानात अडकलेल्या पाण्यासारखे. मान जरा कलती केली की हलतात.

तेव्हा ती नऊ वर्षांची होती. पलीकडच्या खोलीत आई होती आणि आईला ताप होता. चार महिने ताप. इतका लांबलचक ताप असतो का, असं तिनं एकदा विचारलं, तर सगळे तिच्याकडे असे बघायला लागले की जणू तिनंच तो घरात आणला होता. बरी होती तेव्हा आई तिला निजवताना गायची. कुठलं पाठ केलेलं नाही, स्वतःच जुळवलेलं:

नीज गं माझ्या बाई,
दाराला घातली कडी,
उजेडाची एक घडी
उशाखाली.

मग एक दिवस दाराला खरोखर कडी लागली, आणि पोर बाहेर राहिली. पुढं दहा वर्षांनी, भांडी घासता घासता, नळ मोठा सोडून मावशीनं सांगून टाकलं की तो ताप नव्हता. तोवर पोरीचं शिकून झालं होतं. माणसं हळू बोलायला लागली की समजावं, घरात काहीतरी झाकून ठेवलंय.

आता ती बेचाळीस वर्षांची होती आणि तिच्या घरात पुन्हा माणसं हळू बोलायला लागली होती.

तयार कपड्यांच्या कारखान्यात ती तपासणीच्या टेबलावर होती. खिडकीजवळचं टेबल, वर पांढरा दिवा, समोर शर्टांचा ढीग. शर्ट हातात आला की बाकीच्या बायका आधी कॉलर बघत. ती आधी शर्ट उलटा करी. “सुलट बाजू काय, सगळ्यांचीच बरी दिसते,” असं म्हणे आणि काखेतल्या सांध्यावरून अंगठा फिरवी. एक टाका निसटलेला असला तरी अंगठ्याला कळायचं. कारखान्यात तिला सगळे ‘भिंग’ म्हणत. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, तो घरी लाडात ‘भिंगबाई’ म्हणे; आणि भांडण झालं की नुसतं “घाला, घाला भिंग!” एवढंच.

तीन आठवड्यांपूर्वी तिचा डावा स्तन काढला होता. पट्टी सुटली त्या दिवशी तिनं आरशात ती तिरकी शिवण वरपासून खालपर्यंत निरखली आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरबाईंना म्हणाली, “काम चोख आहे. पास.” डॉक्टरबाई हसल्या, नर्स हसली, नवरा तर इतका हसला की त्याला डोळे पुसावे लागले. सगळ्यांना वाटलं, बाई खंबीर आहे. तिलाही दुपारपर्यंत तसंच वाटलं.

पण निजायची वेळ झाली की सगळा खंबीरपणा उशीवरून घरंगळून जायचा. कुशीवर वळायचं नाही, उताणं पडून राहायचं, डाव्या हाताखाली छोटी उशी. हाताच्या आतल्या बाजूला मुंग्या. आणि जिथं काहीच उरलं नव्हतं तिथं नेमकी खाज सुटायची. खाजवायला जावं तर बोटांखाली सपाट कातडी, बधिर, दुसऱ्या कुणाची असावी तशी. डोळा लागतोय असं वाटलं की आतून कुणीतरी दचकून उठवायचं.

घरी आल्यावरच्या पहिल्या सकाळी नवऱ्यानं विचारलं, “लागली का झोप?” त्याच्या डोळ्यांखाली आठ दिवसांची काजळी साचली होती. ती म्हणाली, “हो, छान लागली.” त्याचे खांदे असे खाली आले, जणू कुणी खांद्यावरून पोतं उतरवून घेतलं. मग दुसऱ्या दिवशीही तिनं तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी तर सांगणं भागच होतं. एकदा पास केलेला माल परत कसा मागवायचा?

नर्सनं झोपेचा एक तक्ता दिला होता. रोज किती तास झोप झाली ते लिहायचं. तिनं आठ लिहिलं. मग पुन्हा आठ. काडीनं तो तक्ता फ्रिजवर चिकटवला. काडी म्हणजे तिची तेरा वर्षांची मुलगी, अंगानं तशीच, म्हणून ते नाव. शाळेत जाण्याआधी आईनं लिहिलेला आकडा बघायची आणि त्या दिवसाचा चौकोन निळ्या पेनानं रंगवायची. एकही रेघ बाहेर जाऊ द्यायची नाही.

मदतीला वन्सं येऊन राहिल्या होत्या, नवऱ्याची थोरली बहीण. आयुष्यभर एका मोठ्या वसतिगृहाच्या मुदपाकखान्यात काढलेली बाई. दोन माणसांशीही चाळीस जणांना हाक मारल्यासारखं बोलायची. अशा वन्संनी हळू बोलायला लागावं! ही एक गोष्टच संशयाला पुरेशी होती.

त्यात ते पत्र आलं.

आठवड्यापूर्वी नवऱ्यानं ते हॉस्पिटलच्या खिडकीवरून आणलं. तपासणीचा निकाल आणि पुढचा सल्ला. डॉक्टरबाईंनी फोनवर आधीच सांगितलं होतं, कडा स्वच्छ आहेत, काखेतल्या गाठींत काही सापडलं नाही. पत्रातही तेच होतं. नवऱ्यानं तिला वाचून दाखवलं, वन्संनी “सुटलीस गं बाई” म्हणून गालावरून हात फिरवला. सगळे बाहेर गेल्यावर तिनं ते पत्र खिडकीशी नेलं आणि सवयीनं उलटं करून बघितलं.

कागदाच्या खाली बारीक अक्षरात छापलं होतं: पान १, एकूण २.

फाइलमध्ये पान एकच होतं.

वरच्या डाव्या कोपऱ्यात पिनेची दोन भोकं होती. पिन नव्हती. भोकांच्या कडेला कागद किंचित उचकटला होता, म्हणजे पिन नखानं काढली होती, घाईत.

तिनं फाइल झटकून बघितली. पहिल्या पानावर सगळं चांगलं. मग दुसऱ्यावर काय?

फोन उचलून हॉस्पिटलला विचारता आलं असतं. दोन मिनिटांचं काम. एका टाक्यासाठी शंभर शर्ट परत पाठवणारी बाई ती. पण तो नंबर काही तिच्यानं फिरवला गेला नाही. विचारलं की उत्तर येणार. आणि घरच्यांना विचारावं, तर ते आणखी सावध होणार. त्यापेक्षा डोळे मिटून पडून राहावं. झोपलेल्या माणसासमोर लोक बोलतात. नऊ वर्षांची असताना तिची एकच चूक झाली होती, ती जागी आहे हे त्यांना कळलं होतं.

म्हणून ती झोपलेली दिसू लागली. जेवल्यावर झोपलेली, संध्याकाळी झोपलेली, रात्री तर आठ तास झोपलेली. श्वास लांब, ओठ जरासे उघडे. आणि भिंतीपलीकडून कुजबुज यायची. शब्द नाहीत, नुसती शेपटं. “…आत्ताच नको…” “…मी बघतो…” “…श्श.”

तिनं तपास सुरू केला. नवऱ्याचे कामाचे शर्ट धुवायला पडले की ती खिसे उलटे करी. एका खिशात तारेचा तुकडा, एकात पेपरमिंट, एकात तिच्या कारखान्याच्या फाटकावरच्या चौकीची पावती. कारखान्याची? हा तिथं कशाला गेला? त्यानं तर सांगितलं नव्हतं. पावतीवरची तारीख पत्र आल्यानंतरची. तिनं मनातल्या मनात टाके जोडले. पत्रात वाईट लिहिलंय, ती आता कामावर परत येणार नाही, म्हणून हा तिचा राजीनामा द्यायला गेला.

पण पिनेच्या भोकांपाशी त्याच्या बोटांचा डाग नव्हता. त्याच्या बोटांना कायम वंगण. तो पेपर चाळतो तेव्हा बातम्यांना सुद्धा ठसे लागतात. मग पिन वन्संनी काढली असेल. त्यांचे हात स्वच्छ, आणि इतक्या प्रेमानं खोटं बोलणारं माणूस घरात दुसरं नव्हतं.

रविवारी वन्संनी धुणं काढलं. “काडे, तुझ्या उशीचा अभ्रा दे गं.”

“माझा मी धुते, आत्या.”

“तू? तू धुतेस? कधीपासून?”

“आजपासून.”

“बघा! आईच्या आजारानं एवढं तरी झालं,” वन्सं आनंदल्या. तिनं मिटल्या डोळ्यांनी ऐकलं आणि सोडून दिलं. भिंग दुसरीकडे लावलेलं होतं.

मंगळवारी जखम दाखवायला जायचं होतं. ती नर्स मोठ्यानं बोलायची, कॉरिडॉरच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं, आणि ते तिला बरं वाटायचं.

“भिंत चढताय का रोज?” नर्सनं विचारलं. म्हणजे भिंतीला बोटं लावून हात हळूहळू वर न्यायचा व्यायाम.

“चढते. मुलगी पेन्सिलीनं खूण करते.” खूण करायची जागा काडीनंच निवडली होती. दाराशेजारी, जिथं तिची स्वतःची लहानपणची उंची दरवर्षी मांडलेली होती. आईची बोटं सध्या काडीच्या सातव्या वर्षापर्यंत पोचली होती.

“आणि झोप?” नर्सनं तक्ता हातात घेतला. “आठ. आठ. आठ. आठ. बाई, मी ड्यूटी करून मेल्यासारखी झोपते, मला पण आठ तास मिळत नाहीत. गोळी घेता का?”

“नाही.”

“रडू येतं?”

“नाही.”

“चिडचिड?”

“कुणावर करणार?”

“मला काय माहीत? घरी माणसं असतीलच की!” नर्स हसली, मग तक्ता खाली ठेवून जरा जवळ सरकली. “हे बघा, ऑपरेशननंतर झोप उडते. पुष्कळ जणींची उडते. भीती वाटते, नको नको ते मनात येतं. ते सांगायचं असतं. जखम चिघळली तर दाखवता ना, तसंच. त्यासाठी आमच्याकडे बोलायला माणूस आहे, औषधं आहेत. फक्त आकडा खरा पाहिजे.”

कारखान्यात असा एकाच शाईतला, एकाच आकड्यांचा तक्ता समोर आला असता, तर तिनं लिहिणाऱ्याला टेबलासमोर उभं केलं असतं. नर्सच्या मागं संगणकाचा पडदा उजळलेला होता. त्यात तिचं नाव असणार, पत्र असणार, दोन्ही पानं असणार. एक वाक्य बोलायचा अवकाश. तिनं तोंड उघडलं.

“हाताला अजून मुंग्या येतात,” ती म्हणाली.

बुधवारी भर दुपारी कुलपात किल्ली फिरली. नवरा या वेळी कधी घरी येत नसे. ती गादीवर उताणी, डोळे मिटलेले. पावलं दारापाशी थांबली, तिचा श्वास ऐकून स्वयंपाकघरात गेली.

“झोपलीय ना?” त्याचा आवाज.

“झोपलीय. काय म्हणाले?”

“नाही म्हणाले. आता काही करता येणार नाही म्हणाले.”

“मग सांगून टाक.”

“आत्ता नको. तिला आत्ता काही कळायला नको. जरा बरी होऊ दे.”

आता काही करता येणार नाही. ती उठून बसली. टाके ओढले गेले, हात ठणकला, तरी ती भिंतीला धरून निघाली आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. 

“किती दिवस उरलेत माझे?”

वन्संच्या हातातून डाव निसटला. नवऱ्यानं विचारलं,

“अगं, तू झोपली होतीस ना?”

“दुसरं पान कुठंय? पत्राचं. एकूण पानं दोन आहेत, पिन नखानं काढलीय. मला येडी समजू नका. तुम्ही कारखान्यात कशाला गेला होतात? काय करता येणार नाही?”

नवरा खुर्चीवर बसला. वन्संनीच तोंड उघडलं, आणि दोन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांच्या मूळच्या आवाजात.

“तुझं टेबल गेलं! खिडकीजवळचं. तिथं दुसरी बसवलीय, तुला आल्यावर आतल्या बाजूला देणार आहेत. म्हणून हा बापडा तीनदा गेला त्या सुपरवायझरच्या पाया पडायला. आणि ही इथं दिवस मोजत बसलीय! टेबलाचे दिवस मोज!”

“टेबल?”

“टेबल,” नवरा म्हणाला. “तुला त्या उजेडाची सवय आहे. मला वाटलं, तू परत जाशील तेव्हा निदान तेवढं तरी जागेवर असावं.”

तिला हसावं की रडावं कळेना. खिडकीजवळचं टेबल गेलं, याचं तिला खरंच वाईट वाटलं, आणि वाईट वाटण्याजोगी एवढी छोटी गोष्ट मिळाली याचं बरंही वाटलं.

“मग तुम्ही सारखे कुजबुजता का?”

“आता बोला!” वन्संनी कपाळावर हात मारला. “तू झोपतेस म्हणून! दिवसा झोपतेस, रात्री झोपतेस, आठ-आठ तास. बाईची झोपमोड नको, म्हणून मी गेले दोन आठवडे मांजरीसारखी चालतेय. माझ्या घशाला हळू बोलून बोलून सूज आली.”

ती दाराला टेकली. ती झोपल्याचं सोंग घेत होती म्हणून हे हळू बोलत होते. आणि हे हळू बोलत होते म्हणून ती जागी राहत होती. दोन्ही टोकांनी तिनंच शिवलेलं होतं. पण ते बोलून दाखवायचं धाडस झालं नाही. तिनं एवढंच विचारलं, “आणि पान?”

“कुठलं पान?”

“वन्सं, पिन कुणीतरी नखानं काढलीय.”

“मला नखं आहेत?” वन्संनी दहाही बोटं तिच्या नाकासमोर धरली. मुदपाकखान्याच्या शिस्तीनं मुळापासून कापलेली नखं. नवऱ्यानं न सांगता आपलेही हात पुढं केले. वंगणानं काळी, तुटकी नखं. “मी पाकीट उघडलंसुद्धा नव्हतं,” तो म्हणाला. “आल्या आल्या काडीच्या हातात दिलं. म्हटलं, आईच्या फाइलला लाव. तिनं लावून आणलं, मग मी तुला वाचून दाखवलं.”

काडीनं महिनाभर जपून नखं वाढवली होती. करंगळीचं तर सगळ्यांना दाखवत फिरायची.

ती काडीच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. कपाट, दप्तराचे जुने कप्पे, वह्या, यांकडे तिनं बघितलंही नाही. ‘माझा मी धुते.’ सरळ उशी उचलली, अभ्रा काढून उलटा केला. अभ्रा निर्दोष होता. मग उशीच्या कडेवरून अंगठा फिरवला. तीन बाजू कारखान्याच्या शिवणीच्या. चौथ्या बाजूला, चार बोटं लांबीचा हाताचा बखिया, शाळेच्या गणवेशाच्या निळ्या दोऱ्यानं. आत बोटांखाली कागद कुरकुरला.

बखिया तिनंच शिकवला होता काडीला, गेल्या सुट्टीत. ‘एक पाऊल मागं, दोन पुढं.’

टाके उसवायचं टोकदार हत्यार तिच्या शिवणाच्या डब्यात कायम असे. तिनं ते आणलं. शिवणीवर धरलं. असे हजारो टाके तिनं उसवले होते, कुणाला न विचारता. आणि आता, ज्यासाठी सात दिवस सगळ्यांवर पाळत ठेवली ते दोन थरांच्या आत होतं, तर हात पुढं जाईना. एवढ्याशा पोरीनं एवढं नेटकं शिवून काय झाकलंय? जे तिच्या आईला झेपणार नाही असं तिला वाटलं, ते सात दिवस ती डोक्याखाली घेऊन कशी झोपली असेल?

आणि झोपली असेल का?

हत्यार बाजूला ठेवून ती उशी मांडीवर घेऊन बसून राहिली. चार वाजता शाळेची बस कोपऱ्यावर थांबली.

काडी दारातच खिळली. दप्तर खांद्यावरून उतरवायचंही विसरली.

“उसवलीस?”

“नाही.”

“का?”

“म्हटलं, शिवणारणीला आधी विचारावं.”

“तू कधी विचारतेस? तू तर थेट उसवतेस. त्यासाठीच तुला ठेवलंय ना तिथं.”

“हो. पण बखिया फार चांगला जमलाय गं. फक्त शेवटी गाठ मारली नाहीस. ओढलं की सगळा सुटेल.”

“मुद्दामच नाही मारली.” काडी आत आली, गादीच्या पार टोकाला बसली. “परत काढायचा होता ना.”

“कधी?”

“तू पूर्ण बरी झाल्यावर.”

तिनं उशी पुढं केली. काडीनं करंगळीच्या त्या नखानं दोऱ्याचं टोक शोधलं, ओढलं. निळा दोरा सरसर निघून आला. आठ घड्यांचा कागद बाहेर आला, पण तिनं तो मुठीतच धरला.

“आधी माझं ऐक. मी चोरून नाही वाचलं. फाइलला लावताना दिसलं. आणि तुला तेव्हा नुकती झोप लागायला लागली होती. रोज आठ तास. आत्या म्हणाली होती, झोप लागली की माणूस निम्मं बरं होतं. हे वाचलं असतंस तर तुझी झोप गेली असती. माझी गेली.”

“तुझी?”

“मग काय!” काडीचा आवाज फुटला. “तुझ्या तक्त्यात रंग भरायचे आणि मग शाळेत जाऊन बाकावर पेंगायचं. बाईंनी दोनदा उभं केलं मला.”

तिनं हात पुढं केला. काडीनं कागद दिला नाही; उलगडला आणि शाळेत धडा वाचावा तसा, घाईघाईत, अडखळत वाचायला लागली.

“‘रुग्णाच्या आईचा मृत्यू वयाच्या सदतिसाव्या वर्षी याच आजाराने झाल्याचे रुग्णाने सांगितले आहे. त्यामुळे रुग्णाची आनुवंशिकतेची तपासणी सुचवली आहे. मुलगी, वय तेरा: तूर्त कोणत्याही तपासणीची गरज नाही. सज्ञान झाल्यावर सल्ला घ्यावा.’” तिनं कागद खाली घेतला. “मुलगी म्हणजे मी ना?”

“तूच.”

“माझं मी बघेन गं. गरज नाही असं लिहिलंय, वाचलं मी ते. पण ते पहिलं वाक्य खोटं आहे. आजी तापानं गेली. तूच सांगितलंयस, कितीदा. मग एक तर डॉक्टरबाईंनी दुसऱ्याच कुणाचं तुझ्या पत्रात घातलंय, म्हणजे पहिलं पानसुद्धा दुसऱ्या कुणाचं असेल आणि तू बरी झालीच नसशील. नाहीतर…”

“नाहीतर?”

काडी नखानं कागदाच्या घडीवर रेघ ओढत राहिली. “नाहीतर तू.”

दवाखान्यात पहिल्या दिवशी डॉक्टरबाईंनी विचारलं होतं, घरात आधी कुणाला होतं का? तेव्हा तिनं नवऱ्याला पाणी आणायला पाठवलं होतं, आणि दार लागल्यावर मगच उत्तर दिलं होतं. हळू आवाजात.

भिंतीपलीकडे ताट ठेवल्याचा आवाज झाला आणि लगेच वन्संची कुजबुज आली. “हळू रे, दोघी आत आहेत.”

ती उठली. दार सताड उघडलं, भिंतीला आपटेल असं.

“मोठ्यानं बोला!” ती ओरडली. छातीवरची शिवण ताणली गेली, तरी ओरडली. “आम्ही जाग्या आहोत!”

स्वयंपाकघरातून वन्संचा तो चाळीस माणसांचा आवाज आला: “बरं बाई! चहा घेणार का?”

काडीला हसू आलं, नको असताना. दार उघडंच ठेवून ती परत येऊन बसली, या वेळी काडीच्या बाजूला, उजवीकडे घेऊन, जिकडे जवळ घेता येत होतं तिकडे. काडीच्या डोळ्यांखाली निळसर सावली होती. सात दिवस ती तिथं होती, आणि भिंगाला दिसली नव्हती.

“डॉक्टरबाई चुकल्या नाहीत,” ती म्हणाली. “ते पत्र माझंच आहे, दोन्ही पानं माझीच. पहिल्यावरचं खरं आहे आणि दुसऱ्यावरचंही.” तिनं काडीच्या हातातला कागद घेतला नाही, फक्त त्यावर आपला हात ठेवला. “आजी तापानं गेली नाही गं. मला ताप म्हणून सांगितलं, मी नऊ वर्षांची होते. मला खरं कळलं तेव्हा मी फार चिडले होते. आणि मग तू विचारलंस, तर मीही ताप म्हणूनच सांगितलं. आणि तो फ्रिजवरचा तक्ता, तू रंगवलेला… त्यातले सगळे आठ मी खोटे लिहिलेत. घरी आल्यापासून मी एक रात्र धड झोपलेली नाही, काडे. मला भीती वाटते.”